पाटी चोरली त्यानं, हेलपाटे मला!

रंकाळ्यावर गाडी लावली, भेळ खाऊन आलो, तर मागची नंबरप्लेट गायब! हेल्मेट जागेवर, हँडलला अडकवलेली कोथिंबिरीची पिशवीसुद्धा जागेवर. नेली काय, तर पाटी! भावा, एमएच ०९ चा एवढा सोस असेल तर स्वतःची गाडी घे की!

आणि ही म्हणे हाय सिक्युरिटी. अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरनं कोरलेला क्रमांक, एकदा बसवलं की न निघणारं लॉक. चोराला हे कुणी सांगितलंच नव्हतं वाटतं.

आता नवी हवी तर आधी पोलिसांत तक्रार. "चोरी कशावरून? पडली असेल." बरं, पडली! "मग कुठं पडली?" अहो, ते माहीत असतं तर उचलून नसती का आणली?

मग ऑनलाइन बुकिंग. ओटीपी येतो तेव्हा वेळ संपलेली. दुचाकीचे ४५० रुपये अधिक जीएसटी भरून आत्ता कुठं पाटी बसवली होती, आता परत खिशात हात. तारीख पंधरा दिवसांनंतरची. तोवर दर चौकात शिट्टी, "पाटी कुठाय?" तक्रारीची प्रत दाखवून दाखवून घडीवर फाटली.

आणि तिकडं माझा नंबर लावून कुणीतरी सुसाट हिंडतोय. चलन कुणाच्या मोबाइलवर येणार, सांगा बघू?