ट्रकच्या मागचा सुहार्तो

आमच्या इचलकरंजीच्या कट्ट्यावर राजकारणाला बंदी आहे. मागच्या निवडणुकीत दोन डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा नानांनी फतवा काढला. परदेशातलं राजकारण मात्र चालतं, कारण तिथं कुणाचा भाचा उभा नसतो.

परवा मिलिंदनं मोबाईल पुढं केला. हा गडी इंडोनेशियातल्या सुराबायाच्या एका सूतगिरणीत पाच वर्षं काढून आलाय. फोटोत ट्रकचा मागचा फाळका, त्यावर हात हलवत हसणारा गुबगुबीत म्हातारा आणि खाली जावानीज भाषेत एक ओळ: ‘पिये कबारे? एनाक जमानकु, तो?’

"म्हणजे?" सुभ्या.

"काय चाललंय? माझाच जमाना बरा होता, न्हवं?"

हा म्हातारा म्हणजे सुहार्तो. 1998 पर्यंत तीसएक वर्षं इंडोनेशिया मुठीत ठेवलेला जनरल. असले ट्रक तिथं पैशाला पासरी, टी-शर्टसुद्धा मिळतात. आणि 10 नोव्हेंबर 2025 ला, त्यांच्या वीर दिनी, सरकारनं त्याला ‘राष्ट्रीय वीर’ केलं. किताब देणारे अध्यक्ष प्रबोवो हे त्याचेच एकेकाळचे जावई.

"मग काय चुकलं?" नाना सरसावले. "1984 ला तांदळात देश स्वयंपूर्ण केला त्यानं. शाळा, दवाखाने काढले. शिस्त होती. आपल्याकडंपण आणीबाणीत गाड्या वेळेवर यायच्या."

"नाना, तुम्ही तेव्हा कुठल्या गाडीनं जात होता?"

"मी सायकलवर होतो. पण सगळे म्हणायचे की."

यावर जो हशा झाला, त्यात शुभाताईंचा चहा सांडला. त्या कॉलेजात इतिहास शिकवतात, फिरून येताना कटिंगपुरत्या थांबतात. रुमालानं साडी पुसत त्यांनी सांगायला घेतलं. 1965-66 मध्ये कम्युनिस्ट ठरवून माणसं मारली, बहुतेक अभ्यासक पाच ते दहा लाख म्हणतात. पुढं शेजारच्या पूर्व तिमोरवर फौज घातली. पैशाचं म्हणाल तर भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेनं 2004 मध्ये 15 ते 35 अब्ज डॉलर खाल्ल्याचा अंदाज दिला आणि जगातल्या भ्रष्ट नेत्यांत पहिला नंबर दिला. खटला भरला, तर तब्येतीचं कारण पुढं आलं आणि 2008 मध्ये म्हातारा शिक्षेविना गेला.

"एवढं असून लोक ट्रकवर लावतात?" सुभ्याला पटेना.

मिलिंद म्हणाला, "अरे, ट्रकवाल्याला 1965 काय माहीत? शाळेत एकच बाजू शिकवली. दर 30 सप्टेंबरला टीव्हीवर सरकारी पिक्चर लावायचे, त्यात कम्युनिस्ट राक्षस. मारलेल्यांची नातवंडंपण तोच बघत मोठी झाली. ट्रकवाल्याला डिझेलचा भाव कळतो."

मला हे अर्धंच पटलं. रुपिया, म्हणजे तिथलं चलन, तर सुहार्तोच्याच डोळ्यांदेखत कोसळलं होतं. 1997 च्या मध्याला डॉलरला साधारण 2,400 रुपिया मोजावे लागत, वर्षाच्या आत तो आकडा 15,000 च्या पलीकडं गेला आणि त्यातच खुर्ची गेली. ते कुणी ट्रकवर लिहीत नाही. आठवणीला दाढ दुखलेली लक्षात राहत नाही, जत्रेतली जिलबी राहते.

पण खरी गंमत पुढंच होती. त्या वीर दिनी एकूण दहा जणांना किताब दिला. त्यात मार्सिना नावाची एक कामगार पोरगी. सुराबायाला लागून असलेल्या सिदोआर्जोत घड्याळाच्या कारखान्यात कामाला होती. मे 1993 मध्ये रोजाच्या पगारवाढीसाठी संप झाला, त्यात ती पुढं होती. चारपाच दिवसांत तिचं हाल केलेलं प्रेत सापडलं. वय 24. राज्य सुहार्तोचं.

"म्हणजे तीपण वीर, तोपण वीर?" नाना.

"एकाच यादीत."

"हे बरं झालं की. दोघांचाही मान राखला."

इथं माझं डोकं सटकलं. नाना, वाड्यात खून झाला आणि वाड्याचा मालक नि मेलेली पोरगी, दोघांच्या गळ्यात एकाच हारवाल्याकडचे हार पडले, तर खून केला कुणी हे विचारायचं कुणाला? मार्सिनाला वगळलं असतं तर निदान बोंब मारता आली असती. आता बोंब मारणाऱ्याला म्हणणार, अहो, तिलाही दिलाय की!

"पण खुनी सापडले का?" नानांचा आवाज खाली आला होता.

"खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या, 1995 ला सुप्रीम कोर्टानं सगळ्यांना सोडलं," शुभाताई म्हणाल्या. "अजून तसंच आहे." जाकार्तात अध्यक्षांच्या महालासमोर दर गुरुवारी काळ्या छत्र्या घेऊन माणसं उभी राहतात, असंही त्यांनी सांगितलं. 2007 पासून. मारलेल्या, गायब केलेल्या पोरांचे आईबाप आणि त्यांच्या सोबतीला आलेले.

मिलिंद मार्सिनाच्या कारखान्याच्या वाटेवरनं अनेकदा गेलाय. कारखाना दिसत मात्र नाही. 2006 मध्ये तिथं जमिनीतनं गरम चिखल उसळायला लागला, गावंच्या गावं गेली, त्यात तोही गेला. आता बांध घातलाय. बांधावर चढलं की पलीकडं नुसता करडा चिखल, मधे वाफा.

"आणि बांधाखालनं ट्रक जातात," मिलिंद म्हणाला. "मी हा फोटो तिथंच काढला."

नानांनी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा केला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हसतोय मात्र चांगला," आणि चहाचे पैसे त्यांनी दिले.