आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला दिल्लीचंच असावं लागत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमच्या दारात पालक दिसू लागतात. दोन वर्षांपूर्वी असेच एक दादा मुलीला घेऊन आले. निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग. हातातल्या पिशवीत मुलीची गुणपत्रिका आणि एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक. तिला 'बी. ए. इंटरनॅशनल रिलेशन्स' करायचं होतं. वर्षाची फी लाखांत. दादांनी एकच विचारलं, "मॅडम, हे आपल्यासारख्यांचं हाय का?"

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्यासारख्यांचंच आहे. ही मुलगी बारावीत असताना, जानेवारी २०२४ मध्ये, मी वर्गात जगाचा नकाशा लावला होता. विषय होता परराष्ट्र धोरण. एक मुलगा उठून म्हणाला, "आमच्या मालाला यंदा निर्यातदार भाव पाडून मागतोय, म्हणतो बोटी लांबून जातायत." मी त्याला पुढे बोलावलं आणि म्हटलं, तुझा कंटेनर बोटाने चालव. न्हावा-शेवाहून निघाला, अरबी समुद्र, बाब अल-मंदेब, लाल समुद्र, सुएझ, मग भूमध्य समुद्रातून नेदरलँड्सचं रॉटरडॅम बंदर. आता लाल समुद्राचा रस्ता सोड, कारण गाझातल्या युद्धाचं कारण देत, इराणच्या पाठबळावर, येमेनचे हुती बंडखोर नोव्हेंबर २०२३ पासून तिथे जहाजांवर हल्ले करतायत. पोराचं बोट आफ्रिकेच्या टोकापर्यंत खाली गेलं आणि पुन्हा वर चढायला लागलं. वर्ग गप्प. केप ऑफ गुड होपला वळसा म्हणजे जवळजवळ दोन आठवडे जास्त. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला दोन आठवडे म्हणजे काय, हे त्या वर्गात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गाझा, येमेन, इराण ही नावं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरापर्यंत आली.

कांद्याचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवत जा. त्या हसत म्हणाल्या, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे केलेली ती तक्रारच होती. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली, ती थेट मे २०२४ पर्यंत. लासलगावच्या आसपासची मुलं बंदीबद्दल तासभर बोलू शकतात, बाप-चुलत्यांबरोबर रास्ता रोकोत बसलेली आहेत. पण बंदीची दुसरी बाजू ढाक्यात असते, तिथल्या गिऱ्हाइकाला आपला भरवसा वाटेनासा होतो आणि तो दुसरा विकणारा शोधतो, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

कारण आम्ही शिकवतो काय? 'संयुक्त राष्ट्रसंघाची सहा प्रमुख अंगे लिहा.' 'सत्ता संतुलन म्हणजे काय ते सांगून त्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.' मुलं गाईडमधून पाठ करतात, आम्ही तपासतो. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच केलं आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय जन्मला तो पहिल्या महायुद्धाच्या राखेतून. १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात त्याचं पहिलं अध्यासन सुरू झालं. मोठ्या राजधानीत नव्हे, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघालं, ते १९७० मध्ये जेएनयूमध्ये गेलं. तिथे हा विषय एम. ए. आणि पीएच.डी.चा. पदवीला तो स्वतंत्रपणे घेण्याची सोय आपल्याकडे अजून मोजक्याच ठिकाणी आहे, आणि खासगी ठिकाणी ती महाग आहे.

म्हणून दादांना स्पष्ट सांगितलं, या नावासाठी जमीन गहाण टाकू नका. परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची आहे, आंतरराष्ट्रीय संबंध त्यांनी पुढे जेएनयूत केले. आणि त्या सेवेतल्या जागा इतक्या थोड्या, की तेवढ्यावर मुलीचं भविष्य टांगणं बरोबर नाही.

पण मुलीला 'सोड हे' असं मी म्हटलं नाही. तिला म्हटलं, माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेव, अभ्यासक्रम उघड. इतिहास किती आहे? अर्थशास्त्र आहे का? आकडे वाचायला शिकवतात का? एखादी परकी भाषा तीन वर्षं सलग आहे, की एका सत्रापुरती? ते नसेल तर हातात नुसते मोठे शब्द राहतात. चालू घडामोडींवर छान बोलता येणं म्हणजे हा विषय येणं नव्हे. ज्या देशाबद्दल बोलायचं, त्याची भाषा, त्याचा इतिहास आणि तो पोट कशावर भरतो, हे आधी कळायला हवं.

तिने पुण्यात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेतलं, आणि जोडीला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन. रशियनच का, तर आपली द्राक्षं तिकडेही जातात, असं ती म्हणाली. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने पॅकहाउसच्या खोक्यावर वडिलांचं नाव रशियन लिपीत लिहून त्यांना दाखवलं. दादांनी तो पुठ्ठा कापून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. मी पाहिलाय.

पण प्रत्येकीला पुण्याला जाणं परवडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायच्या दुय्यम विषयाची सोय आहे. तालुक्याच्या कॉलेजांनी आंतरराष्ट्रीय संबंध हा मायनर म्हणून, मराठीतून, आपल्या भागाच्या मालावरून शिकवावा, असा प्रस्ताव मी आमच्याकडे दिला आहे. सोलापूरला कापड आहे, रत्नागिरीला हापूस आणि मासळी आहे, तिथल्या प्राध्यापकांनी आपापला नकाशा लावावा. कुणी असं आधीच करत असेल तर मला कळवा, मला त्यातून शिकायचंय.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी दर शनिवारी दुपारी तीन ते पाच बसते. या भागातल्या बारावी झालेल्या मुलामुलींनी यावं, पालकांनाही आणावं. माहितीपत्रक असेल तर घेऊन या, आपण अभ्यासक्रमाचं पान न् पान एकत्र वाचू.