ड्यूक-कॅरोलायना म्हणे 'स्क्रिप्टेड'! ताईकडे आलेल्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा पहाटे साडेपाचला नाशिकहून ताईचा फोन. अशा वेळी भारतातून फोन आला की पोटात गोळाच येतो, धडपडत उचलला तर ताई म्हणते, "अगं, तुमच्या त्या चॅपल हिलमध्ये पोरं भर रस्त्यात जाळपोळ करतात म्हणे, आणि डिग्रीपण खोटी असते म्हणे. हिला पाठवायचं का नाही, खरं सांग." भाचीला कॅरोलायनात, म्हणजे चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनात, एमएसला ॲडमिशन मिळालीय, घरात पेढे वाटून झालेत, आणि आता एका व्हॉट्सॲप फॉरवर्डमुळे तिचे आजोबासुद्धा नको म्हणायला लागलेत.

तो फॉरवर्ड मागवून घेतला. "ड्यूक विरुद्ध कॅरोलायना: पडद्यामागचं सत्य" असं नाव आहे आणि तो इथल्या कॅरी-मॉरिसव्हिलच्या मराठी ग्रुपांवरही फिरतोय हे मला नंतर कळलं. थोडक्यात म्हणणं असं की ड्यूक आणि कॅरोलायना या शेजारशेजारच्या विद्यापीठांमधली ही बास्केटबॉलची खुन्नस टीव्हीवाल्यांनी धंद्यासाठी उभी केलीय, २०२२ चा निकाल आधीच ठरलेला होता, कायम ड्यूकच जिंकतं, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात, जिंकल्यावर गावात दंगल होते, कॅरोलायनात खेळाडूंसाठी खोटे क्लास चालतात त्यामुळे तिथल्या डिग्रीला किंमत नाही, आणि ड्यूकचा नावाजलेला प्रशिक्षक कोच के रिटायर झाल्यावर हे सगळं संपलंच आहे.

मी कॅरोलायनाची आहे, २००३ ते २००५ तिथेच शिकले, तेव्हापासून याच भागात राहते आणि घरात फिकट निळ्याशिवाय (तो कॅरोलायनाचा रंग, ड्यूकचा गडद) दुसरा निळा चालत नाही. म्हणजे मी तटस्थ वगैरे नाही. पण खोटं ते खोटंच ना.

टीव्हीवाल्यांनी उभी केली म्हणे! पहिली मॅच २४ जानेवारी १९२० ला झाली. तेव्हा ड्यूकला ड्यूक हे नावसुद्धा नव्हतं, ट्रिनिटी कॉलेज म्हणायचे, नाव बदललं १९२४ ला. टीव्ही कुठे होता तेव्हा? आणि खुन्नस म्हणाल तर १९६१ चं घ्या. आर्ट हेमन आणि लॅरी ब्राऊन, दोघंही न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडचे खेळाडू, ब्राऊन कॅरोलायनाचा. हेमन आधी कॅरोलायनाला हो म्हणाला आणि मग ऐनवेळी ड्यूकला गेला, आणि त्या फेब्रुवारीत ड्यूकच्या गावात, डरममध्ये, कोर्टवरच अशी हाणामारी झाली की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ईएसपीएन सुरू झालं सप्टेंबर १९७९ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे चॅनेल जन्मायच्या आधी, कॅरोलायनाने इतका बॉल धरून ठेवला की हाफटाइमला स्कोअर ड्यूक ७, कॅरोलायना ०. हो, शून्य. कुठला टीव्हीवाला असला हाफ पैसे देऊन लिहून घेईल?

अर्ध सत्य आहे ते मान्य करते. टीव्हीने हे वाढवलं, खूप वाढवलं. १९५७ ला कॅरोलायनाने विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन ओव्हरटाइमनंतर ५४-५३ हरवलं ते नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांनी घरोघरी टीव्हीवर बघितलं आणि इथे कॉलेज बास्केटबॉलचं वेड खऱ्या अर्थाने तिथून लागलं. पण वाढवणं वेगळं आणि बनवणं वेगळं. पंधरा-पाचशेएक हायवेने गेलं तर दोन कॅम्पसमध्ये जेमतेम दहा-अकरा मैल आहेत, एकाच ऑफिसात, एकाच गल्लीत, एकाच घरात दोन्हीकडचे लोक असतात. गाडीच्या पुढच्या प्लेटवर अर्धा फिका, अर्धा गडद निळा आणि 'हाऊस डिव्हायडेड' लिहिलेलं मी रोज बघते. ते कुणी टीव्हीवाल्याने नाही लावलेलं.

आता २०२२, ज्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. फॉरवर्डवाल्याचा युक्तिवाद असा की शंभर वर्षांत दोन्ही टीम्स एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था) टुर्नामेंटमध्ये कधी भेटल्या नाहीत, आणि कोच के रिटायर होतो त्याच वर्षी, थेट फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार टीम्सच्या फेरीत, कशा भेटतात? योगायोग का?

हो, योगायोग. आणि स्क्रिप्टच लिहायची असती तर ती अशी कुणी लिहिली असती का ते सांग. ५ मार्चला ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये कोच केची शेवटची घरची मॅच. माजी खेळाडू रांगेने बसलेले, समारंभ ठरलेला, ९,३१४ सीटचं ते छोटंसं स्टेडियम खचाखच. निकाल कॅरोलायना ९४, ड्यूक ८१. त्या माणसाला स्वतःच्या निरोप समारंभात माईक हातात घेऊन लोकांची माफी मागावी लागली. हे स्क्रिप्टमध्ये होतं? पुढे टुर्नामेंटला कॅरोलायना आठवं सीड, म्हणजे क्रमवारीत बरीच खाली. बेलरविरुद्ध पंचवीस पॉइंटचा लीड घालवला आणि ओव्हरटाइममध्ये कशीबशी जिंकली. एवढ्या काठावरून कोण कुणाला आणतं?

आणि २ एप्रिलची न्यू ऑर्लिन्सची मॅच मी एकही सेकंद न सोडता पाहिलीय, आमच्याच हॉलमध्ये, शेजारच्या ड्यूकवाल्या कुटुंबासोबत, ते सोफ्यावर आणि आम्ही खाली सतरंजीवर. पाऊण मिनिट राहिलेलं, ड्यूक एकाच पॉइंटने मागे, आणि त्यांचा मार्क विल्यम्स फ्री थ्रोला उभा. पहिला हुकला. दुसराही हुकला. शेजारच्या काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवायला म्हणून जो वाकवला तो तसाच अर्ध्यात धरून बसले, थेंब थेंब गालिच्यावर सांडतोय आणि कुणाचं लक्ष नाही. मग आमच्या केलेब लव्हने तीन पॉइंटचा शॉट मारला, त्याचे एकूण २८, आणि ८१-७७. एकोणीस-वीस वर्षांची पोरं ती, त्या विल्यम्सचा चेहरा ज्याने बघितला तो ठरवून हुकवलं असं म्हणूच शकत नाही. आणि दोन दिवसांनी काय झालं ते फॉरवर्डमध्ये नाहीच. फायनलला हाफटाइमला आम्ही १५ ने पुढे होतो आणि कॅन्ससने ७२-६९ ने हरवलं. ड्यूकला हरवायची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने शेवटचं पान आमच्यासाठी नाही लिहिलं वाटतं? मला अजून ती रात्र आठवली की गिळवत नाही.

कायम ड्यूक जिंकतं, यावर जास्त वेळ घालवत नाही. एकूण मॅचेसमध्ये कॅरोलायना वीसपेक्षा जास्तने पुढे आहे, नॅशनल टायटल्स एनसीएएची आमची सहा, त्यांची पाच. कोच केच्या काळात त्यांनी आमचं खूप वेळा नाक कापलं, १,२०२ विजय आहेत त्या माणसाचे, ते नाकारत नाही. पण "कायम" हा शब्द कुठून आला?

जाळपोळ. ताई, हे नीट वाच, कारण आजोबांना हेच लागलंय. ड्यूकला हरवलं की लोक चॅपल हिलच्या मुख्य रस्त्यावर, फ्रँकलिन स्ट्रीटवर, धावत जातात, मधोमध शेकोट्या पेटतात, काही मूर्ख पोरं त्यावरून उड्या मारतात आणि बऱ्याचदा कुणी ना कुणी भाजतं. हे खरं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही. पण दंगल? रस्ता गाड्यांना बंद केलेला असतो, पोलीस आणि फायर ब्रिगेड कोपऱ्यावर उभे असतात, सहसा ना दुकान फुटतं ना कुणी कुणाला मारतं. आपल्याकडे वर्ल्ड कप जिंकल्यावर रस्त्यावर जे होतं तेच, फक्त गुलालाऐवजी निळा रंग. ड्यूकवाले तर बाकडी जाळतात, तीही आधी परवानगी काढून. भाचीला एवढंच सांग, आगीपासून लांब उभी राहा आणि मनसोक्त ओरड.

मी स्वतः मार्च २००५ ला तिथे होते. कॅरोलायनाच्या डीन डोम स्टेडियममध्ये, अगदी वरच्या रांगेत. तीन मिनिटं राहिली असताना ड्यूक ७३-६४ ने पुढे, ट्रॅफिक टाळायला माझ्या बाजूची माणसं जॅकेट घालून पायऱ्या उतरायला लागली. मग एकदा त्यांना अडवलं, एक बास्केट, पुन्हा एक. पायऱ्यांवरचे लोक जिथे होते तिथेच थांबले, कुणी परत वर जागेवरही येईना, अपशकुन नको म्हणून. आमच्या रेमंड फेल्टनचा फ्री थ्रो हुकला, मार्विन विल्यम्सने तो उचलून परत आत टाकला आणि वर फाउल. शेवटचे ११ पॉइंट सलग आमचे, ७५-७३. जिन्यावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्या बाईने मला मिठी मारली, घर सोडून दीड वर्ष झालं होतं मला. त्या रात्री फ्रँकलिन स्ट्रीटवरून रात्री एकला एकटी चालत रूमवर गेले, सलवार-कमीजवर स्वेटशर्ट घालून. कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही.

आता खोटी डिग्री. इथे मला मान खाली घालून बोलावं लागतं. ते घडलंय. २०१४ चा वेनस्टीन रिपोर्ट विद्यापीठाने स्वतः करून घेतला आणि जाहीर केला. आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन स्टडीज या एका डिपार्टमेंटमध्ये १८ वर्षं असे क्लास चालले की ज्यात शिकवणंच नव्हतं, एक पेपर लिहून द्यायचा आणि ऑफिसमधूनच मार्क मिळायचे. ३,१०० पेक्षा जास्त विद्यार्थी, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. मी शिकत होते तेव्हाही हे चालू होतं. ड्यूकवाले चिडवतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं, आणि २०१७ ला एनसीएएने शिक्षा केली नाही म्हणून ते योग्य ठरलं असंही मी म्हणणार नाही.

पण त्यावरून "तिथल्या डिग्रीला किंमत नाही"? एका डिपार्टमेंटचे पेपर-क्लास, ते २०११ ला बंद, मान्यता देणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला २०१५ ला वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं आणि ते त्यातून बाहेर आलं. भाचीचं बायोस्टॅटिस्टिक्स आणि त्याचा संबंध काय? आणि एकच गोष्ट ऐका. २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, डीएनए स्वतःला कसा दुरुस्त करतो यावर. त्यातले अझीझ सँकार चॅपल हिलचे आणि पॉल मॉड्रिच ड्यूकचे. दहा मैलांवरची दोन माणसं, एकच नोबेल. हे मी आजोबांना व्हॉइस मेसेजवर सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा "अस्सं?" म्हणाले.

एकमेकांच्या जिवावर वगैरे तर निव्वळ बकवास. दोन्ही विद्यापीठांत रॉबर्टसन नावाची सामाईक स्कॉलरशिप आहे, पोरं एक सेमिस्टर समोरच्या कॅम्पसवर राहतात. इकडचा विद्यार्थी तिकडचा कोर्स घेऊ शकतो. फेब्रुवारी २०१५ ला आमचे जुने कोच डीन स्मिथ गेले, ज्यांनी चार्ली स्कॉटला आणून कॅरोलायनात पहिल्यांदा काळ्या खेळाडूला स्कॉलरशिप दिली, ज्यांनी मृत्युपत्रात आपल्या प्रत्येक जुन्या खेळाडूला जेवायला जा म्हणून दोनशे डॉलर ठेवले. त्यानंतर काही दिवसांनी कॅमेरॉनमध्ये मॅच होती. सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीम्स मधोमध एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गोल करून गुडघ्यावर बसल्या, फिका आणि गडद निळा सरमिसळ, आणि ते आख्खं कर्कश स्टेडियम गप्प. मग ड्यूकने आम्हाला ओव्हरटाइममध्ये ९२-९० ने हरवलं. खुन्नस ही अशी असते.

आणि कोच केनंतर संपलं म्हणणाऱ्याने मार्च २०२५ ची एसीसीची (दोन्ही टीम्स ज्या लीगमध्ये खेळतात ती) सेमीफायनल बघावी. २४ ने मागे होतो आम्ही, सगळं भरून काढत आणलं, चार सेकंद राहिली असताना फ्री थ्रोवर आमचाच एक खेळाडू रेषेच्या आत आधी घुसला आणि तो पॉइंट गेला. ७४-७१. मी फोन बंद करून अंगणात जाऊन बसले होते. शेजारचे काका कुंपणापाशी आले, काही बोलले नाहीत, नुसता चहाचा कप पुढे केला.

ताईचा काल रात्री मेसेज आला, तिकिटं बुक केली, ऑगस्टची. भाचीने खाली विचारलंय, मावशी, नेमका कुठला निळा घ्यायचा. फोटो पाठवलाय तिला.