सॅम बदलला, पण लेखन घसरलं म्हणून नाही

भुताखेतांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन या भावांच्या ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या सीझनबद्दल एक दावा सारखा फिरतो: मालिकेचे निर्माते एरिक क्रिपकी बाजूला होऊन लेखिका सेरा गॅम्बल यांच्याकडे सूत्रं आली आणि सॅमच्या पात्राची वाट लागली. सूत्रं बदलली, हे खरं. पुढचा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

पाचव्या भागातली ती गल्ली आठवा. व्हॅम्पायर डीनच्या तोंडात रक्त ओततोय आणि सॅम मदतीला न धावता बघत उभा राहतो. त्याच्या ओठांवर हसू उमटतं, पुसटसंच! ते पाहून मीही हादरले होते. पण ती चूक नव्हती, तो धागा होता. सातव्या भागात कॅस्टिएल हा देवदूत सॅमच्या छातीत हात घालतो, तेव्हा कळतं की आत आत्माच नाही. ल्युसिफरला, म्हणजे सैतानाला, कोंडलेल्या नरकातल्या पिंजऱ्यात सॅमही पडला होता; तिथून नुसतं शरीर बाहेर आलंय. आत्मा ल्युसिफरजवळच अडकलाय. म्हणून त्याला झोप नाही, कणव नाही. अकराव्या भागात मृत्यू (हेही मालिकेतलं एक पात्रच) स्वतः तो आत्मा परत आणतो.

सीझन आवडला नाही, तर जरूर सांगा. त्यातले काही भाग मलाही रेंगाळलेले वाटतात. पण सॅम साकारणाऱ्या जॅरेड पॅडलेकीने जाणीवपूर्वक उभा केलेला तो थंडपणा लेखकांच्या विसरभोळेपणाच्या खात्यात टाकू नका.