सोसायटीचं दुकान नेमकं कुणी बुडवलं?

आमच्याकडं सहकारी दुकानाला कुलूप लागलं की पारावर निकाल ठरलेला असतो: सेल्समननं खाल्लं. मला हे पटत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात ही दुकानं जेवढी चालली, तेवढी नोकरांच्या जिवावर चालली.

मराठवाड्यातल्या जुन्या सोसायट्या, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज आणि माल देणाऱ्या गावच्या सहकारी संस्था, निजामाच्या राज्यातल्या. 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, आणि 1960 चा महाराष्ट्राचा सहकार कायदा जानेवारी 1962 मध्ये लागू झाला. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, महागाईची धास्ती वाढली आणि केंद्रानं ग्राहक भांडारांना हात दिला. साखर, रॉकेल, पामतेल, कंट्रोलचं कापड, पुढं खतसुद्धा, सगळं सोसायटीत. 1972 च्या दुष्काळात लाल मिलोसाठी (परदेशातून आलेली लाल ज्वारी) लागलेल्या रांगा आमच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतात. कापूस एकाधिकार योजनाही त्याच सुमाराची, म्हणजे कापूस फक्त सरकारी खरेदीलाच घालायचा. कापूस फेडरेशनला (खरेदी करणाऱ्या सहकारी पणन महासंघाला) घातला की सोसायटीचं कर्ज कापूनच पैशाची पट्टी हातात यायची.

हा सगळा गाडा ओढायला माणसं किती? सेल्समन, माल मोजणारा मापाडी, हमाल आणि सोसायट्यांचे हिशेब लिहिणारा गटसचिव. गटसचिवाकडं तर एकाच वेळी कितीतरी गावांची दप्तरं.

तूट म्हणजे काय, हे दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. ज्वारीचं पोतं येतं क्विंटलच्या हिशेबानं आणि जातं किलो-दोन किलोनं. दर मापाला काटा गिऱ्हाइकाकडं जरासा झुकतोच, नाही झुकला तर बोलणी. उन्हाळ्यात धान्य सुकतं, उंदीर पोती कुरतडतात, पावसाळ्यात साखर बारदान्याला चिकटते. ठरलेल्या घटीपेक्षा जास्त गेलं की पगारातून कपात. म्हणून आमच्या दुकानातला सेल्समन रोज संध्याकाळी झाडण चाळून घ्यायचा, सुतळीच्या गुंड्या करून ठेवायचा आणि रिकामा बारदाना मोजूनच शटर ओढायचा. पगार तीन-तीन महिने थकलेला असला तरी!

आणि चिठ्ठ्या. संचालकाच्या हातची चिठ्ठी यायची: 'यांना दोन पोती युरिया द्या, पैसे नंतर.' नाही म्हणायची कुणाची टाप? त्या चिठ्ठ्या सेल्समन तारेत ओवून ठेवायचा. चौकशी लागली तेव्हा कळलं की चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली जबाबदारी संचालकांवरही येऊ शकते; आमच्याकडं वसुलीची नोटीस गेली ती सेल्समनच्या घरी. चिठ्ठीवाले पुढच्या निवडणुकीत पॅनल घेऊन उभे.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. 1997 ला रेशन दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली असं वाटलं गेलं, दुकानाचं गिऱ्हाईक आटलं. खासगी कृषी सेवा केंद्रं आली, तीही उधारीवर माल द्यायला लागली. (व्याज मालाच्या भावातच लावून, हे वेगळं सांगायला नको.) सोसायटी आता कर्जवाटपापुरती, आणि दुकानाच्या गाळ्यात मोबाइल रिपेअरिंग.

2025 हे संयुक्त राष्ट्रांनी सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आमच्या चौकातही फ्लेक्स लागला. त्यावर आजी-माजी चेअरमन झाडून सगळे, मापाड्याचं नाव कुठं नाही. जुनी पगारपत्रकं कपाटात असतीलच. त्यातली नावं काढून कार्यालयाच्या भिंतीवर लावा, ही मागणी मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. विषयपत्रिकेवर ती येणार नाही, तेव्हा 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यातच घुसवावी लागेल. सभासद असाल तर कोरमला तेवढे या.