समुद्र काय कुणाच्या बापाचा आहे?

२०२५ च्या जागतिक सर्फिंग स्पर्धेची अंतिम फेरी फिजीत, क्लाउडब्रेक नावाच्या लाटेवर झाली. व्हिडिओ पाहिले असतील तर ती लाट आठवत असेल. किनाऱ्यापासून लांब, प्रवाळाच्या खडकावर डावीकडे फुटत जाणारी निळी भिंत. खाली उथळ पाणी आणि धारदार खडक. पडलात तर अंग सोलून निघतं.

ही लाट सगळ्यांना खुली असावी की तिच्यावर गावांचा हक्क असावा, हा वाद जुना आहे आणि त्यात माझं मत बहुतेक सर्फिंगप्रेमींच्या उलट आहे.

फिजीत असे खडक आणि उथळ पाणी म्हणजे गावांची पिढीजात मासेमारीची जागा. (रापण ओढणाऱ्या आपल्या कोकणातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.) १९८० च्या दशकात शेजारच्या तावारुआ बेटावर अमेरिकन लोकांनी रिसॉर्ट काढलं, मासेमारीचे हक्क असलेल्या गावांना पैसे दिले आणि लाट आपल्या पाहुण्यांसाठी राखून घेतली. फिजीतल्या पोरांनाही तिथे जवळपास मज्जाव. हे वाईटच होतं, वादच नाही.

२०१० मध्ये लष्करप्रमुख बैनीमारामांच्या लष्करी सरकारनं वटहुकूम काढला. लाटा सगळ्यांना खुल्या, कुणाचीही मक्तेदारी नाही, नुकसानभरपाईही नाही. जगभरच्या सर्फरांना आनंद झाला. पण याच बैनीमारामांनी २००६ साली जे सरकार उलथवलं, ते या पाण्याची मालकी गावांना देणारं विधेयक आणत होतं. त्या विधेयकाला असलेला विरोध हेही बंडाचं एक कारण होतं. म्हणजे गावांना मालकी तर मिळालीच नाही, वर होतं ते भाडंही गेलं!

‘लाट निसर्गाची, तिचे कसले पैसे?’ असं म्हणणारा माणूस विमानाचे पैसे देतो, हॉटेलचे देतो, बोटवाल्याचेही देतो. निसर्ग त्याला आठवतो तो नेमका गाववाल्यांची पाळी आल्यावर. ‘अहो, रोजगार मिळतो की त्यांना.’ मिळतो ना. खोल्या झाडायचा, बोट हाकायचा. आपल्याच पाण्यावर नोकर म्हणून.

मक्तेदारी परत आणा असं मी म्हणत नाही. दर सर्फरमागे फी घ्या आणि ती सरकारी तिजोरीत न जिरवता थेट हक्कदार गावांना द्या. दिवसाला किती बोटी सोडायच्या हेही त्यांनाच ठरवू दे. इंडोनेशियातल्या मेंतावाई बेटांवर सर्फरांकडून कर घेतात, म्हणून तिथे जायचं कुणी थांबलेलं नाही.