मुद्दाम वाईट केलेला सिनेमा

काल रात्री लाडक्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा बघून आलो आणि डोकं अजून ठणकतंय. त्याचं नाव सांगत नाही, कारण एकेकाळी याच माणसाच्या सिनेमांपायी मी मित्रांशी भांडलोय, आता त्यांच्या हातात कोलीत कशाला देऊ. सिनेमा विनोदी, त्यात नुसता उभा राहिला तरी हसू यावं असा नट, म्हणजे दोघंही हुशार, आणि अडीच तास पडद्यावर तो खरंच नुसता उभा राहतो. पण सिनेमाचं एक वेळ जाऊ दे. खरा राग आहे तो शेजारच्या सीटवरच्या काकांचा.

काका दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर आलं तेव्हाच हसले. नावाला! मग नट आला, हसले. नटाने दार उघडलं, हसले. दार बंद केलं तेव्हा तर मांडीवर थाप मारली, आणि ती मांडी माझी होती. मी गप्प बसलेला बघून त्यांना माझी काळजी वाटायला लागली असावी, कारण थोड्या वेळाने कानाशी येऊन म्हणाले, "कळलं नाही का?"

"कळलं."

"मग हसला का नाहीत?"

"कळलं म्हणून."

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. इंटरव्हलला लाइट लागले तसे काका पूर्ण माझ्याकडे वळून बसले. "तुम्हाला आवडत नाहीये ना? न आवडायलाच केलाय तो."

"म्हणजे?"

"मला सांगा, या माणसाला चांगला सिनेमा करता येतो की नाही?"

"येतो ना, तेच तर—"

"मग हा चांगला का नाही केला? करता येत असून केला नाही, म्हणजेच मुद्दाम केला नाही! साधा हिशोब आहे."

मी म्हटलं, अहो, निम्मे संवाद ऐकूच येत नाहीयेत. तर म्हणे, हल्ली माणसं एकमेकांचं ऐकतात का? म्हटलं, हिरोइन मध्येच गायब झाली. तर म्हणे, आयुष्यातून माणसं अशीच जातात. म्हटलं, त्या सीनमध्ये नटाच्या हातावर घड्याळ होतं, पुढच्या क्षणाला नाही, परत आहे. काका क्षणभर थांबले, मला वाटलं सापडले, तर डोळे मिटून म्हणाले, "काळ." एवढंच. यावर कोण काय बोलणार!

आणि मग ठेवणीतला बाण निघाला. "'मेरा नाम जोकर'लाही लोकांनी नावं ठेवली होती." हे येणार हे मला माहीतच होतं, प्रत्येक पडलेल्या सिनेमाच्या मयताला राज कपूरला खांदा द्यायला बोलावतात. १९७०चा तो सिनेमा, चार तासांच्या वर, दोन दोन इंटरव्हल, तेव्हा आपटला आणि नंतर लोकांनी डोक्यावर घेतला, सगळं खरं. पण राज कपूरने पुढे काय केलं? १९७३ला 'बॉबी' काढला. लोक चुकलेत, त्यांना कळेल तेव्हा कळेल, म्हणत बसला नाही. आणि मुळात एक 'जोकर' उशिरा कळला म्हणून जगातला प्रत्येक कंटाळा उशिरा कळणारा असतो का? काही सिनेमे लोकांना पहिल्याच दिवशी बरोब्बर कळलेले असतात हो.

बरं, मोठ्या माणसांचं घसरणं मला नवीन आहे असंही नाही. स्पीलबर्गने १९७७ आणि १९८१च्या दोन जबरदस्त सिनेमांच्या मधोमध '१९४१' नावाची आरडाओरड्याची कॉमेडी करून ठेवलीय, ज्यात सतत काहीतरी फुटत असतं. बिली वाइल्डर, 'द अपार्टमेंट'वाला, त्याचा शेवटचा सिनेमा १९८१चा 'बडी बडी', त्यात जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ, म्हणजे हातखंडा जोडी, आणि बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. चॅप्लिनचाही शेवटचा सिनेमा तसलाच, १९६७चा, मार्लन ब्रँडो आणि सोफिया लॉरेनला घेऊन. त्यात स्वतः चॅप्लिन जहाजावरचा, बोट लागून मळमळणारा म्हातारा स्टुअर्ड म्हणून जरासा डोकावतो, आणि ते जरासं बघून जीव तुटतो, कारण त्याचं अंग अजून तेच बोलत असतं, फक्त बाकीचा सिनेमा बोलत नाही.

माझं आपलं मत असं की यश मिळालं की आजूबाजूला "नको" म्हणणारं कोणी उरत नाही, सगळे आपले मान डोलावतात. पण मग मूकपटांच्या काळातला विनोदवीर बस्टर कीटन आठवतो आणि पंचाईत होते. तो १९२८ला एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओत गेला, हळूहळू त्याच्या हातातलं सगळं काढून घेतलं, उठसूट त्याला "नको"च ऐकवत गेले, आणि ज्याने 'द जनरल' केला त्या माणसाला दुसऱ्यांचे पाणचट विनोद बोलायला लावले. म्हणजे कोणी अडवलं नाही तरी वाट लागते, अडवलं तरी लागते. असो. मी काही सिनेमा शिकवत नाही, मी तिकीट काढतो.

आणि चीड त्याचीच आहे. सुमार माणसाने सुमार सिनेमा काढला तर माझं काय जातं, मी जातच नाही. हे लोक मात्र आपल्या जुन्या कामाच्या ओळखीवर आपल्याला आत ओढतात. आपण पहिला तास तर हे आत्ता जमेल, मग जमेल, करत त्यांच्या वतीने स्वतःशीच सबबी सांगण्यात घालवतो. वर कोणी विचारलं की "टेक्निकली चांगला आहे" म्हणायचं. सगळं मुसळ केरात गेल्यावर कॅमेऱ्याचं कौतुक!

इंटरव्हलनंतर काका झोपले. साधंसुधं नाही, चांगले घोरत होते, आणि मला वाटलं चला, एक प्रामाणिक परीक्षण तरी ऐकायला मिळालं. शेवटी नावं सुरू झाली तसे दचकून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "शेवट बघितलात? कसा अर्धवट सोडला!"

म्हटलं, तो एडिटर बघा, नाव केवढ्या मोठ्या अक्षरात आलंय. हे एवढं ठेवून त्याने कापलं तरी काय असेल?

काकांचे डोळे चमकले. "सव्वा तासाचं कापलंय, वाचलं नाही का तुम्ही? ते सगळं घालून परत आणणारेत म्हणे. तेव्हा कळेल तुम्हाला."